पाण्याचा दाब वाढला? हेड उघडण्याआधी थांबा

मालेगाव हे नाव घेतले की आपल्या बहुतेक वाचकांसमोर नाशिक जिल्ह्यातील यंत्रमागांचे मालेगाव उभे राहते. आज आम्ही लिहीत आहोत ते दुसऱ्या मालेगावविषयी, वाशीम जिल्ह्यातील मालेगावविषयी, ज्याला जुनी माणसे मालेगाव जहांगीर म्हणतात. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला आणि हा तालुका त्यात आला. अकोल्याहून पातूर, मेडशीमार्गे वाशीम, हिंगोली, नांदेडकडे जाणारा रस्ता आणि नागपूरहून कारंजा, मेहकरमार्गे जाणारा जुना रस्ता हे दोन्ही या गावातून जातात. रस्त्यांच्या फाट्यावरच्या गावात जे धंदे उभे राहतात तेच येथेही आहेत : गॅरेज, रेडिएटरची दुरुस्ती, लेथ, वेल्डिंग, टायर आणि स्पेअर पार्टची दुकाने. विदर्भातील इतर गावांप्रमाणे या धंद्यांत आपल्या समाजाचे कारागीर मोठ्या संख्येने आहेत. उस्तादाच्या हाताखाली शिकायचे, दहा वर्षांत स्वतःचे शटर उघडायचे, ही येथील रीत आहे.

अशा गावांतील कारागिरांच्या एका नेहमीच्या दुखण्याविषयी आम्हाला लिहायचे आहे. गाडी, ट्रॅक्टर किंवा शेतावरचे इंजिन पाणी फेकते, होज पाइप दगडासारखा कडक होतो, रेडिएटरचे झाकण उघडताच पाणी उसळते. गिऱ्हाईक घाबरते, मिस्त्री म्हणतो, "गॅस्केट गेले, हेड उघडावे लागेल." कधी ते खरेही असते. पण अनेकदा हेड उघडले जाते, फेस मारला जातो, नवे गॅस्केट बसते, बिल होते आणि चार दिवसांनी तीच गाडी त्याच तक्रारीसह परत येते. गिऱ्हाइकाचा पैसा गेला, मिस्त्रीचे नाव गेले. दोष कोठे आहे हे आधी शोधणे आणि मग पाना हातात घेणे, एवढ्या एका सवयीने हे नुकसान टळू शकते.

दाब हा मुळात दोष नाही

बंद रेडिएटरच्या इंजिनात पाण्याचा दाब मुद्दाम ठेवलेला असतो. मालेगाव परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंच आहे. तेथे उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. चालत्या इंजिनातले पाणी ८५ ते ९५ अंशांवर असते आणि हेडच्या काही भागांत त्याहून जास्त तापते. उघड्या रेडिएटरने ते लगेच उकळून वाफ झाले असते. झाकणातील स्प्रिंग पाणी दाबून धरते आणि दाबाखालचे पाणी उशिरा उकळते. अर्ध्या किलोच्या झाकणाने उकळण्याची वेळ सुमारे ११० अंशांवर जाते, ०.९ किलोच्या झाकणाने सुमारे ११८ अंशांवर. म्हणून इंजिन गरम झाल्यावर वरचा होज पाइप हाताला घट्ट लागणे हे निरोगी इंजिनाचे लक्षण आहे.

याच कारणाने गरम इंजिनाचे झाकण उघडणे जिवावर बेतू शकते. आत ११० अंशांचे पाणी दाबाने थांबलेले असते. झाकण फिरले की दाब जातो, त्याच क्षणी पाण्याची वाफ होते आणि ती चेहऱ्यावर येते. आपल्या गॅरेजमधील शागीर्द मुलांच्या हातावर, मानेवर असे डाग दिसतात आणि ते धंद्याचा भाग म्हणून सोडून दिले जातात. तसे ते नाहीत. वरचा पाइप हातात धरवेल इतका थंड होईपर्यंत झाकणाला हात लावू नये, आणि लावल्यास जाड कापड ठेवून आधी पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे, हा नियम प्रत्येक उस्तादाने पहिल्या दिवशी शिकवायला हवा.

प्रश्न दाब आहे की नाही हा नसून तो किती, केव्हा आणि कशामुळे वाढतो हा आहे. दाब वाढण्याची कारणे तीनच जातींची असतात. पहिले, उष्णता : पाणी फुगते, उकळते. दुसरे, बाहेरचा वायू : सिलिंडरमधला जळका वायू किंवा कॉम्प्रेसरची हवा पाण्यात शिरते. तिसरे, वाहत्या पाण्याला अडथळा : पंप पाणी लोटतो, पण पुढे वाट बंद असते. या तिघांची वागणूक वेगवेगळी असते आणि ती ओळखली की निम्मे काम झाले.

वेळ बघा, दोष सापडेल

आमचे म्हणणे असे की सर्वांत स्वस्त हत्यार घड्याळ आहे. दाब कोणत्या वेळी वाढतो याकडे नीट पाहावे.

रात्रभर थंड झालेले इंजिन सकाळी सुरू केले आणि एकदोन मिनिटांतच, पाणी कोमटही झालेले नसताना, पाइप कडक झाला, तर ते काम उष्णतेचे असूच शकत नाही. तेथे वायू शिरत आहे. रात्री बंद केलेल्या इंजिनाचा पाइप सकाळीही ताठ असेल आणि थंड झाकण उघडताना फुस्स आवाज येत असेल, तरीही तेच समजावे. कारण निरोगी इंजिन थंड होताना पाणी आकसते, आतला दाब उतरतो आणि झाकणातील छोटा वॉल्व्ह बाटलीतले पाणी परत आत ओढतो.

इंजिन तापल्यावर हळूहळू दाब वाढून पाणी बाटलीत जात असेल, तर आधी उष्णतेची कारणे पाहावीत : फॅन बेल्ट ढिला, जाळीत बाहेरून माती आणि कुटार, आतून क्षार, थर्मोस्टॅट अडकलेला, पंख्याचे क्लच निकामी. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टरची जाळी भुशाने इतकी भरते की वारा आरपार जातच नाही. तेथे गॅस्केटचा काय दोष?

इंजिन रेस केले की दाब वाढतो आणि सोडले की लगेच उतरतो, असे असेल तर अडथळ्याकडे पाहावे. पंपाच्या पुढे वाट बंद आहे. अशा वेळी वरचा पाइप फुगतो आणि खालचा, म्हणजे पंपाच्या ओढीकडचा, चपटा होतो. खालच्या पाइपात घातलेली तारेची स्प्रिंग गंजून गेली असेल तर हा पाइप आणखी लवकर मिटतो.

सपाट रस्त्यावर सर्व ठीक, पण भरलेली गाडी मेडशी-पातूरसारख्या घाटात चढताना पाणी फेकते, हा सर्वांत फसवा प्रकार आहे. यात दोन शक्यता असतात. एक, रेडिएटरची ताकद कमी पडते. दुसरी, गॅस्केटमध्ये अगदी बारीक वाट आहे आणि ती फक्त पूर्ण लोडवर उघडते. अशा गाडीला उभ्याने तपासून निकाल देऊ नये.

इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे दाब थोडा वाढतो, तो स्वाभाविक आहे. पंप थांबलेला असतो आणि तापलेले लोखंड पाण्याला उष्णता देतच असते. म्हणून लांबून आलेली गाडी लगेच बंद न करता दोनतीन मिनिटे स्लोवर चालू द्यावी.

तपासणी कोणत्या क्रमाने?

आम्ही येथे एक क्रम देत आहोत. तो स्वस्तापासून महागापर्यंत जातो, म्हणून तो पाळावा.

पहिले पाऊल झाकण. झाकणावर त्याचा दाब लिहिलेला असतो, कधी किलोत, कधी केपीएमध्ये. शंभर केपीए म्हणजे जवळजवळ एक किलो. गाडीच्या मूळ झाकणाऐवजी दुकानात मिळाले ते बसवलेले असते. जास्त दाबाचे झाकण बसवले तर जुनी जाळी आणि हीटरचे पाइप फुटतात, कमी दाबाचे बसवले तर पाणी लवकर उसळते आणि मिस्त्री गॅस्केटला दोष देतो. रबर कडक झाले आहे का, मधला छोटा वॉल्व्ह बोटाने ओढल्यावर उघडतो का, हे पाहायला पैसे लागत नाहीत. पाणी काठोकाठ भरण्याची सवयही येथेच तपासावी. ज्या गाडीत वेगळी बाटली नाही तिच्या वरच्या टाकीत फुगण्यापुरती जागा लागतेच. ती नसेल तर जादा पाणी बाहेर पडणारच.

दुसरे पाऊल मीटर. सुईवर विश्वास ठेवण्यापूर्वी वेगळ्या थर्मामीटरने पाण्याचे तापमान मोजावे. खराब सेन्सर, ढिली अर्थिंग यामुळे चांगल्या इंजिनांची हेडे उघडली गेली आहेत.

तिसरे पाऊल बुडबुडे. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण काढावे, पाणी भरावे, फॅन बेल्ट काढून ठेवावा म्हणजे पंप पाणी ढवळणार नाही, आणि इंजिन सुरू करावे. हे एका मिनिटापेक्षा जास्त चालवू नये. सुरुवातीची अडकलेली हवा निघून गेल्यावरही सारखे बुडबुडे येत राहिले तर वायू शिरत आहे. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात एकेका इंजेक्टरचा नट सैल करून तो सिलिंडर बंद पाडता येतो. ज्याच्या बंद होण्याने बुडबुडे कमी होतात तेथे दोष. कॉमन रेल इंजिनात मात्र हा प्रयोग कदापि करू नये. तेथे डिझेलचा दाब हजार किलोच्याही वर असतो आणि ती धार कातडी फोडून आत जाते.

चौथे पाऊल, जे आमच्या मते सर्वांत जास्त विसरले जाते : वायू हेडमधूनच येतो असे धरून चालू नये. एअर ब्रेकच्या ट्रकमध्ये हवेच्या कॉम्प्रेसरचे हेडही याच पाण्याने थंड होते. टाकीत हवा सुमारे आठ किलो दाबाने भरली जाते. कॉम्प्रेसरचे छोटे गॅस्केट गेले की हवा सरळ रेडिएटरच्या पाण्यात येते आणि सर्व लक्षणे हेड गॅस्केटसारखीच दिसतात. तपासणी सोपी आहे. कॉम्प्रेसरकडे जाणारा आणि येणारा पाण्याचा पाइप सोडवून इंजिनाच्या बाजूने एकमेकांना जोडावा आणि इंजिन थोडाच वेळ चालवून पाहावे. बुडबुडे थांबले तर चोर सापडला. हवेच्या टाकीचा ड्रेन कॉक उघडल्यावर कूलंटमिश्रित पाणी निघत असेल तर ती आणखी एक साक्ष होय.

नव्या गाड्यांत आणखी एक जागा वाढली आहे. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. या काळातील अनेक डिझेल इंजिनांत धूर थंड करून परत इंजिनात सोडणारा ईजीआर कूलर असतो. त्याची आतली नळी तडकली की सायलेन्सरचा वायू पाण्यात किंवा पाणी वायूत जाते. बाहेर एक थेंब गळत नाही आणि पाणी मात्र कमी होते. हेड उघडण्यापूर्वी हा कूलर वेगळा काढून हवेच्या दाबाने पाण्यात बुडवून तपासावा.

पाचवे पाऊल, हाताने चालणारा प्रेशर टेस्टर. थंड इंजिनावर तो झाकणाच्या जागी बसवून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरावी आणि काटा पाहावा. काटा उतरत असेल आणि बाहेर कोठे ओल नसेल, तर पाणी आत जात आहे : सिलिंडरमध्ये, ऑइलमध्ये किंवा कूलरमध्ये. यासोबत निळ्या द्रावाची तपासणीही मिळते. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रावातून ओढली की जळक्या वायूतील कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचा रंग बदलतो. डिझेल इंजिन स्लोवर असताना हा वायू कमी असतो, म्हणून तेथे घाई करू नये. कॉम्प्रेसरची नुसती हवा असेल तर रंग बदलत नाही, हाही या द्रावाचा मोठा उपयोग.

एवढे सर्व करून दोष हेडकडेच बोट दाखवीत असेल, तर हेड जरूर उघडावे. पण तेव्हाही गॅस्केट बदलून थांबू नये. ते का गेले? हेड वाकले आहे का, दोन सिलिंडरांच्या मध्ये चीर आहे का, वेट लायनर ब्लॉकच्या वर कंपनीने सांगितले तितकाच उभा आहे का, हे पट्टी, फीलर आणि डायल गेजने मोजावे. लायनर खाली बसलेला असेल तर कितीही महाग गॅस्केट टिकणार नाही. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच आवळावेत. "हाताला अंदाज आहे" हे वाक्य जुन्या जाड हेडला चालले. आजच्या ॲल्युमिनियम हेडला ते चालत नाही.

शेतावरच्या इंजिनाची गोष्ट वेगळी

वाशीम जिल्ह्यात खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा, गहू. वीज आली, सौरपंपही आले, तरी नाल्याच्या काठी आणि तलावाच्या कडेला अजून पाच अश्वशक्तीची डिझेल इंजिने चालतात. या इंजिनांना बहुधा रेडिएटर नसतो. पंपाच्या डिलिव्हरीतून एक बारीक नळी काढून तिचे पाणी इंजिनाच्या जॅकेटमधून फिरवतात आणि वरून बाहेर सोडून देतात. पाणी एकदाच जाते, परत येत नाही.

पूर्वी हे पाणी पाटात मोकळे पडत असे, डिलिव्हरीवर फारसा दाब नसे, म्हणून तक्रार नव्हती. आता त्याच पंपावर तुषार संच जोडला जातो. स्प्रिंकलरचे तोंड नीट फिरायला अडीच-तीन किलोच्या आसपास दाब लागतो. तोच दाब बारीक नळीतून इंजिनाच्या दारात उभा राहतो. बाहेर जाणारी वाट मोकळी असेल तर जॅकेटमध्ये तो साठत नाही. पण ती वाट क्षाराने अरुंद झाली, रबरी नळी दुमडली, किंवा पाणी वाया जाऊ नये म्हणून कोणी बाहेरच्या तोंडालाच कॉक लावला, तर डिलिव्हरीचा सगळा दाब जॅकेटमध्ये भरतो. मग लायनरची रबर रिंग पाझरते, पाणी चेंबरमध्ये उतरते, ऑइल दुधासारखे होते आणि बेअरिंग जाते. हरभरा घाटे भरण्याच्या वेळी इंजिन असे बसले तर शेतकऱ्याचे नुकसान दुरुस्तीच्या बिलापुरते राहत नाही.

येथे नियम एकच आहे. पाणी आवरायचे ते आत येणाऱ्या नळीवरच्या कॉकने, बाहेर जाणारी वाट नेहमी पूर्ण मोकळी. दोष शोधतानाही हेच करावे. आतला कॉक अर्धा बंद करून बाहेरची धार पाहावी. धार मुळातच बारीक आणि जॅकेटचे जोड ओले, तर बाहेरची वाट तुंबली आहे. धार जोरदार आणि पाणी अगदी थंड, तर पाणी गरजेपेक्षा जास्त जात आहे. फार थंड चालणारे इंजिनही चांगले नव्हे. त्यात डिझेल पूर्ण जळत नाही, काजळी धरते आणि लायनर लवकर झिजतो. बाहेरच्या धारेत बोट क्षणभरच धरवेल इतके पाणी गरम असावे.

समुद्रावर हाच हिशेब

ही गोष्ट आमच्या कोकणातील वाचकांना ओळखीची वाटेल. रत्नागिरी किनाऱ्यावरील दालदी मुस्लिम मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर आहेत आणि आता त्यांच्या नौका डिझेल इंजिनावर चालतात. बोटीचे इंजिनही बाहेरचे पाणी आत घेऊन, फिरवून, बाहेर टाकते. वेगवान स्पीड बोटीत तर आणखी एक करामत असते. पाणी घेणारे तोंड पाण्याखाली पुढच्या बाजूला असते आणि बोट पळू लागली की वेगच पाणी आत लोटतो. हिशेब करून पाहा : ताशी ५० किलोमीटर वेगाला हा लोट जास्तीत जास्त सुमारे एक किलोपर्यंत जातो आणि ताशी १०० ला सुमारे चार किलोपर्यंत. वेग दुप्पट, दाब चौपट. म्हणून शर्यतीच्या बोटींत जादा दाब बाहेर सोडणारा रिलीफ वॉल्व्ह बसवलेला असतो.

तेथील जाणकारही आधी वेळच विचारतात. बोट उभी असताना, स्लोवरच दाब जास्त दिसतो का? मग पुढे कोठे तरी वाट तुंबली आहे : वाळू, शंख, पंपाच्या तुटलेल्या रबरी पात्याचे तुकडे, मीठ धरलेले मॅनिफोल्ड. फक्त पूर्ण वेगात दाब चढतो का? मग पाणी घेण्याच्या तोंडाकडे आणि रिलीफ वॉल्व्हकडे पाहावे. आणि इंजिन थंड, धार चांगली, तरी काटा वर असेल, तर दुसरा मीटर लावून पाहावा. मालेगावचा तुषार संच आणि किनाऱ्यावरची स्पीड बोट यांत अंतर मोठे, पण पाणी दोन्हीकडे एकाच कायद्याने वागते. समुद्राचे पाणी सरळ वापरणाऱ्या इंजिनांत थर्मोस्टॅट बहुधा ६० अंशांच्या आसपासचा ठेवतात, कारण त्याहून फार तापले की मीठ आणि क्षार आतच बसू लागतात.

पाणी कोणते घालता?

क्षाराचा विषय निघालाच आहे. आपल्या भागातील बोअरचे पाणी काळ्या खडकातून येते आणि बऱ्याच ठिकाणी ते जड असते. ज्या पाण्याने घरातील हंड्याच्या तळाला पांढरा थर धरतो, तेच पाणी आपण रेडिएटरमध्ये ओततो. तो थर हेडच्या तापलेल्या भागावर बसतो, उष्णता बाहेर येऊ देत नाही, जाळीच्या नळ्या बंद करतो. रेडिएटरमध्ये बॅटरीचे डिस्टिल्ड पाणी किंवा निदान आरओचे पाणी आणि कंपनीने सांगितलेले कूलंट योग्य प्रमाणात घालावे. वेगवेगळ्या जातींची कूलंटे एकमेकांत मिसळू नयेत. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये, हेड तडकते.

थर्मोस्टॅट काढून फेकण्याची पद्धतही सोडावी. काही इंजिनांत तो काढल्याने बायपासची वाट कायम उघडी राहते, निम्मे पाणी जाळीकडे जातच नाही आणि इंजिन उलट जास्त तापते. थर्मोस्टॅट पातेल्यात पाण्यात टांगून, थर्मामीटर लावून, चुलीवर तापवून पाहावा. त्यावर लिहिलेल्या अंशाला तो उघडू लागला की ठीक.

रेडिएटरच्या कारागिरांना दोन शब्द. तांब्या-पितळेची जाळी उघडून नळ्यांत पट्टी फिरवून ती साफ करणे आणि परत झाळ देणे ही आपली जुनी कला आहे. पण आता बहुतेक नव्या गाड्यांत ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकची टाकी येते. तिला झाळ लागत नाही आणि तेजाब घातले तर ती खाऊन जाते. साफसफाईला सायट्रिक ॲसिड, ज्याला बाजारात लिंबूसत म्हणतात, ते सौम्य करून वापरावे आणि नंतर भरपूर साध्या पाण्याने धुवावे. टाकीची किनार उघडून नवे रबर बसवणे आणि ॲल्युमिनियमचे टिग वेल्डिंग ही कामे शिकली तर धंदा टिकेल. झाळकामात शिसे असते. काम मोकळ्या हवेत करावे, हात धुतल्याशिवाय भाकरीला लावू नयेत आणि लहान मुलांना तेथे बसवू नये.

तपासणीची मजुरी घ्या

आता धंद्याची बाजू. मिस्त्री घाईने हेड का उघडतो? आमच्या मते त्याचे मोठे कारण असे की आपल्याकडे दोष शोधण्याची मजुरी कोणी देत नाही. दोन तास तपासून अवघ्या एका झाकणाचा दोष सापडला तर गिऱ्हाईक झाकणाचेच पैसे देऊन निघून जाते. हेड उघडले तर आठवड्याचा खर्च निघतो. ही व्यवस्था इमानदार माणसालाही चुकीकडे ढकलते.

यावर उपाय आहे. तपासणीची मजुरी वेगळी, ठरलेली आणि पाटीवर लिहिलेली असावी. गिऱ्हाइकाला आधी सांगावे : "एवढे तपासणीचे, दोष सापडल्यावर दुरुस्तीचे वेगळे." काय तपासले, काय आढळले, हे साध्या वहीत लिहून एक प्रत द्यावी. बदललेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हाती ठेवावा. प्रेशर टेस्टर, निळ्या द्रावाचा संच, टॉर्क पाना आणि डायल गेज यांचा खर्च एकट्याला जड वाटत असेल तर चार गॅरेजवाल्यांनी वर्गणी करून ही हत्यारे सामाईक घ्यावीत. त्यासाठी व्याजाच्या कर्जाची गरज पडू नये. आणि मुलांनी उस्तादाच्या हाताखाली शिकण्याबरोबरच आयटीआयमधील डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करावा, म्हणजे हाताला पुस्तकाची आणि कागदाचीही जोड मिळेल.

रस्ता बदलत आहे हेही ध्यानात ठेवावे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा उघडून ७०१ किलोमीटरचा संपूर्ण रस्ता वाहतुकीस मिळाला. तो वाशीम जिल्ह्यातूनच जातो. जी लांब पल्ल्याची गाडी पूर्वी गावातून जाताना गॅरेजसमोर थांबत असे, ती आता वरच्यावर निघून जाते. वाटेतले अनोळखी गिऱ्हाईक एकदाच येते, त्याच्याशी कसेही वागले तरी धंदा चालतो, असे ज्यांना वाटत होते त्यांचे दिवस सरले. पुढचा धंदा आजूबाजूच्या गावांतील ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्यांवर आणि स्थानिक ट्रकमालकांवर उभा राहणार आहे. ही माणसे एकमेकांना ओळखतात, बाजाराच्या दिवशी बोलतात, आणि कोणाकडे हेड फुकट उघडले गेले हे लक्षात ठेवतात.

पैगंबर मुहम्मद (स.) बाजारातून जाताना एका धान्याच्या ढिगात हात घालतात, आत ओल लागते, आणि ते विक्रेत्याला विचारतात की भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, हा हदीसमधील प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मिस्त्रीच्या कामात तर सगळेच आतले असते. हेडखाली काय आहे हे गिऱ्हाइकाला दिसत नाही, ते आपल्या शब्दावर चालते. ते इंजिन तोपर्यंत आपल्याकडे अमानत असते. म्हणून दोष पक्का सापडल्याशिवाय हेड उघडू नये, आणि झाकणाचाच दोष निघाला तर तो झाकणाचाच आहे असे सांगावे. अशा रोजीत बरकत असते, आणि असे गिऱ्हाईक पुढच्या हंगामात आपला शेजारी घेऊन परत येते.